शाळेची वेळ झाली की पोटात दुखतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. अँग्झायटी असेल तर नक्की करायचं काय?

मोकळी_खिडकी:

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. मुलगी पंधरा वर्षांची आहे. गेले काही महिने सकाळी तिचं पोट दुखतं, मळमळतं, कधी डोकं धरतं. सुट्टीच्या दिवशी काही नाही. डॉक्टरांनी रक्त, थायरॉईड, सोनोग्राफी सगळं करून घेतलं, काहीच निघालं नाही, मग म्हणाले ही अँग्झायटी दिसतेय, मानसोपचारवाल्यांना दाखवून घ्या. अपॉइंटमेंट घेतलीय पण तिला अजून वेळ आहे आणि सकाळ तर रोजच उजाडते.

होतं काय ते सांगते. उठते, आवरते, युनिफॉर्म घालते, दप्तर रात्रीच भरून ठेवलेलं असतं. आणि मग मोजे घालताना अडकते. एक मोजा पायात, एक हातात, पलंगाच्या कडेला बसलेली, नजर खाली. हाक मारली की "आले" म्हणते पण हलत नाही. जवळ जाऊन हात धरला तर हात गार आणि घामाने ओले. मग रडू, "आई आज नको ना, उद्या नक्की जाते". मी बरं म्हटलं की अर्ध्यापाऊण तासात पोट थांबतं आणि ते बघून तिचे बाबा म्हणतात बघ, नाटकं आहेत सगळी. मला नाही वाटत नाटक. ठरवून कुणाला हात गार पाडता येतात का?

रात्री प्रश्न सुरू होतात. उद्या वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं तर, आवाज थरथरला तर, चक्कर येऊन पडले तर, तू फोन उचलशील ना, नक्की ना. मी उत्तर देते, पाच मिनिटं शांत, परत तेच. गृहपाठाची एक ओळ खोडून खोडून परत लिहीत बसली, शेवटी कागद फाटला आणि मग फाटला म्हणून रडली. शाळेशी बोलले, टीचर समजूतदार आहेत, हिला वाचायला उठवणार नाही म्हणाल्या, तरी काही फरक नाही, उलट आता मधल्या सुट्टीत मैत्रिणींमध्ये जाणंही कमी झालंय.

मार्क चांगले पडतात त्यामुळे नातेवाइकांना पटतच नाही की पोरीला काही त्रास आहे. मला विचारायचंय ते एवढंच की हे वयाचं आहे आणि आपोआप जाईल की आजार आहे? सकाळी जबरदस्तीने पाठवावं की राहू द्यावं? आणि औषध सुरू झालं तर ते आयुष्यभर चिकटतं का? कृपया अनुभव असलेल्यांनी लिहा.

वर्गाशेजारी:

ताई, मी शाळकरी आणि कॉलेजच्या मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आधी नाटकाचा मुद्दा, कारण घरात तो मिटल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. पोट खरंच दुखतं. मेंदूने धोका आहे असं ठरवलं की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात, पचन मंदावतं म्हणून पोटात पिळतं आणि मळमळतं, छाती धडधडते. समोर वाघ असो नाहीतर वर्गात उभं राहून वाचायचं असो, शरीर दोन्हीला सारखंच उत्तर देतं. आणि तुम्ही "राहू दे" म्हटल्यावर अर्ध्या तासात थांबतं हा नाटकाचा पुरावा नाही, धोका टळला म्हणून अलार्म बंद झाला इतकंच. बाबांना हे नक्की सांगा, आणि मुलीसमोर सांगू नका, दोघं असताना सांगा.

आता वयाचं की आजार. या वयात थोडी भीती सगळ्यांनाच असते, लोक काय म्हणतील याची तर जास्तच. मेंदूचा धोका ओळखणारा भाग, अ‍ॅमिग्डाला, लवकर जोरात काम करायला लागतो आणि त्याला "थांब, बघू तरी" म्हणणारा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. पण भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी आहे, महिनोन् महिने टिकलीय, आणि तिच्यापायी शाळा, झोप, मैत्रिणी सुटायला लागल्यात असं झालं की ते वयाचं म्हणून सोडून द्यायचं नसतं. तुमच्याकडे ही तिन्ही लक्षणं दिसतायत. निदान मी इथून करणार नाही, ते प्रत्यक्ष बघणाऱ्याचं काम. मात्र एवढं सांगते की लोकांसमोर काही करायची भीती बहुतेक वेळा नेमकी याच वयात सुरू होते, आणि एकूणच मानसिक आजारांपैकी साधारण निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत डोकं वर काढतात असं मोठ्या पाहण्यांमधून दिसलंय. तुमची मुलगी जगावेगळी नाही आणि तुम्ही उशिरा जाग्या झालात असंही नाही.

मार्क चांगले आहेत म्हणून कुणाला पटत नाही हे मी सतत ऐकते. अहो, ती खोडाखोड म्हणजेच अँग्झायटी आहे. चूक झाली तर काय, या भीतीने मुलं तिप्पट कष्ट करतात आणि आपण म्हणतो वा, किती मन लावून अभ्यास करते.

आता माझा खरा मुद्दा. अँग्झायटी वाढते ती टाळण्याने. आज शाळा टळली, लगेच हायसं वाटलं, मेंदूने नोंद केली की शाळा धोक्याचीच होती आणि न गेल्यामुळे वाचलो. उद्या भीती आणखी घट्ट. रात्रीच्या प्रश्नांचंही तेच, खाज सुटल्यावर खाजवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मग जास्त खाजतं, तसं "हो गं, उचलेन फोन" हे उत्तर पाच मिनिटं पुरतं आणि प्रश्नाला बळ देऊन जातं. वाचायला उठवणार नाही ही शाळेची सवलतही त्यातलीच. सगळ्यांनी प्रेमापोटीच केलेलं असतं, पण मुलीला त्यातून कळतं ते असं की मोठ्यांनासुद्धा वाटतंय हे मला झेपणार नाही.

येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी यावरच उपचार उभा केलाय, त्यात मुलाला भेटतच नाहीत, फक्त आईवडिलांसोबत काम करतात. 2020 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात 124 मुलं होती, अर्ध्यांना नेहमीची थेरपी दिली आणि अर्ध्यांच्या फक्त पालकांना शिकवलं, तर दोन्हीकडे जवळपास सारखाच गुण आला. मला हे फार धीर देणारं वाटतं कारण पोरगी थेरपीला नाही म्हणाली तरी आपल्या हातात काहीतरी उरतं. त्यात पालकांना मुलाशी बोलायला शिकवतात ते वाक्य दोन भागांचं असतं, दोन्ही हवेतच. "तुला आत्ता खूप भीती वाटतेय, दिसतंय मला" हा एक, आणि "तरीही तू हे करू शकतेस, मला खात्री आहे" हा दुसरा. नुसता पहिला म्हटला तर ती भीतीत बुडते, नुसता दुसरा म्हटला तर तिला वाटतं आईला कळतच नाहीये.

दुसरी_बाजू:

वरचं सगळं बरोबर पण त्याआधी एक गोष्ट. शाळेत खरंच काही घडत नाहीये ना ते बघा. कुणी त्रास देतंय का, ग्रुपमधून काढलंय का, कुणी फोटो फिरवलाय का, कुणी मोठं माणूस नको तसं वागतंय का, एखादा विषय अजिबात कळत नाही आणि लाजेने लपवतेय का. खरा धोका असेल तर "हिंमत धर" म्हणून त्यातच ढकलणं हा अन्याय होईल. आणि हे समोरासमोर बसवून विचारू नका, मुलं समोर बसली की गप्प होतात. चालताना, गाडीत शेजारी बसून, कपड्यांच्या घड्या घालताना विचारा, आणि विचारून गप्प बसा, उत्तर आपण पुरवू नका.

वर्गाशेजारी:

अगदी बरोबर, हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. ताई, आधी हे बघा, मग पुढचं.

निळी_वही:

काकू, मी आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, शाळेत असताना मला हेच होतं म्हणून आतल्या बाजूने सांगते.

सगळ्यात आधी, ती तुम्हाला "उद्या नक्की जाते" म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. त्या क्षणी तिला खरंच वाटत असतं की उद्याची मी वेगळी असेन. मग संध्याकाळ झाली की उद्याचा दिवस जवळ येतो आणि पोटात गोळा यायला लागतो. त्यामुळे सकाळी "काल तर म्हणालीस जाते" असं सुनावलं की आपण खोटारडे ठरलो असं वाटतं आणि भीतीवर लाज चढते. लाजेने तर अजून जमत नाही.

मला पॅनिक अटॅकही यायचे. पहिला आला तेव्हा वाटलं मरतेय, खरंच, शब्दशः. श्वास लागतो, बोटांना मुंग्या येतात, आजूबाजूचं सगळं लांब गेल्यासारखं वाटतं. नंतर मला समजावून सांगितलं गेलं की भीतीने श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याने मुंग्या आणि गरगर होते. आणि पॅनिकमध्ये रक्तदाब वाढलेला असतो त्यामुळे चक्कर येऊन पडायची शक्यता खूप कमी, चक्कर येऊन पडायला रक्तदाब खाली यावा लागतो. काहींना रक्त बघून किंवा इंजेक्शनने चक्कर येते ते वेगळं. तुमच्या मुलीला पडायचीच भीती आहे ना, तर तिला हे शांत वेळी सांगा, मला या एका माहितीने इतका आधार मिळाला होता. अटॅक काही मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतोच, आपण काही नाही केलं तरी उतरतो.

लोक "मोठा श्वास घे" म्हणतात त्याने मला जास्त व्हायचं कारण आधीच जास्त श्वास चाललेला असतो. सोडण्यावर लक्ष द्यायचं, नाकाने हळू घ्यायचा आणि त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लावून सोडायचा, मेणबत्ती न विझवता फुंकर मारल्यासारखा. हे घरी बरं वाटत असताना रोज करून ठेवावं लागतं, ऐन वेळी पहिल्यांदा जमत नाही. पण माझ्या थेरपिस्टने एक ताकीदही दिली होती, श्वास भीती घालवायला वापरायचा नाही, भीती असतानाही जागेवर थांबता यावं म्हणून वापरायचा. घालवायला गेलं की आपण सारखं तपासत बसतो गेली का, गेली का, आणि ती जात नाही.

घरच्यांनी मला "अगं टेन्शन नको घेऊ" म्हणणं बंद केलं तेव्हा फार मोकळं वाटलं. ते वाक्य कुणालाच म्हणू नका प्लीज.

दोन_शब्द:

तिच्या बाबांसाठी लिहितोय कारण मीही बाप आहे. मुलाला परीक्षेच्या हॉलबाहेर थरथरताना बघितलंय. बापाला राग येतो तो बहुतेक वेळा भीतीचाच असतो, पोरगं पुढे कसं निभावणार याची भीती. ती भीती पोरापर्यंत रागाच्या रूपात पोचते आणि त्याला वाटतं बाबांना आपण नकोसे झालो. बाबांना एकच काम द्या, शाळेत सोडायचं काम त्यांनी घ्यावं आणि वाटेत शाळेचा विषय काढू नये. बऱ्याच घरांत मुलं आईपासून सुटताना जास्त अडखळतात, वडील सोडायला गेले की थोडं सोपं जातं. आमच्याकडे तसं झालं, सगळीकडे होईलच असं नाही.

मोकळी_खिडकी:

सगळ्यांचे मनापासून आभार. निळी_वही, तुझं ते लाजेचं वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. तिला पडण्याबद्दल सांगितलं, तिने दोनदा विचारलं "नक्की?" आणि मग स्वतःच थांबली.

शाळेबद्दल विचारलं, कपडे वाळत घालताना. त्रास कुणी देत नाहीये, पण सहामाहीच्या आधी एकदा मोठ्याने वाचताना ती अडखळली होती आणि मागून कुणीतरी हसलं. एवढंच, आणि तेव्हापासून सुरू. मला आत्तापर्यंत हे माहीतही नव्हतं.

वर्गाशेजारी, म्हणजे आता मी काय करू? उद्यापासून सरळ पाठवू आणि रात्री उत्तरच द्यायचं नाही का? आणि औषधाबद्दल अजून कुणी बोललं नाही.

ओपीडी_नंतर:

औषधाचं मी सांगतो, मी याच शाखेतला डॉक्टर आहे. तुमच्या मुलीला लागेल की नाही हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू नये, हे फक्त समजून घेण्यासाठी.

लहानमोठ्या मुलांच्या अँग्झायटीवर 2008 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, 7 ते 17 वयाची 488 मुलं, बारा आठवडे. काहींना सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक दोन्हीवर काम करणारी थेरपी, काहींना सर्ट्रालिन हे औषध, काहींना दोन्ही, काहींना बिनऔषधाची गोळी. दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे 81 टक्के मुलं स्पष्टपणे सुधारली, फक्त थेरपीत 60, फक्त औषधात 55 आणि बिनऔषधाच्या गोळीत 24. माझा यावरून अर्थ असा की सौम्य ते मध्यम त्रासात थेरपीपासून सुरुवात करणं योग्यच, पण मूल घराबाहेरच पडेनासं झालं असेल, थेरपीत बसण्याइतकंही मन थाऱ्यावर नसेल तर औषधाला नाही म्हणून महिने घालवू नयेत.

सर्ट्रालिनसारखी ही औषधं एसएसआरआय नावाच्या, नैराश्य आणि अँग्झायटीवर देतात त्या गटातली, यांचं व्यसन लागत नाही, म्हणजे डोस वाढवत न्यावासा वाटणं, त्याच्यामागे धावणं असं होत नाही. पण एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोप बिघडणं होतं म्हणून हळूहळू कमी करून थांबवतात. आयुष्यभर नसतात, बरं वाटायला लागल्यावरही साधारण वर्षभर चालू ठेवून, परीक्षेसारखा ताणाचा काळ टाळून, कमी करत नेतात. परिणाम दिसायला चारसहा आठवडे लागतात आणि पहिल्या एकदोन आठवड्यांत मळमळ, अस्वस्थता थोडी वाढूही शकते, नेमकं तेव्हाच लोक "सूट झालं नाही" म्हणून बंद करतात.

एक गोष्ट लपवायची नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2004 मध्ये या सगळ्या गटावर मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. तेव्हा तपासलेल्या चाचण्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं औषध घेणाऱ्यांत सुमारे 4 टक्के आणि न घेणाऱ्यांत 2 टक्के दिसलं होतं, त्या चाचण्यांमध्ये प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. याचा अर्थ औषध घेऊ नका असा नाही, सुरुवातीला आणि डोस बदलताना मुलावर बारीक लक्ष ठेवा, मूल अचानक फार अस्वस्थ, चिडखोर झालं किंवा झोपेनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा असा आहे. आणि ओळखीतल्या कुणी सांगितलेली शांत झोपेची गोळी मुलांना अजिबात देऊ नका, सवय त्यांची लागते.

जाता जाता, औषध असो नसो, जीव नकोसा होतो का हे मुलीला सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं बोलतात. हो म्हणाली, किंवा अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल, आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही.

वर्गाशेजारी:

ताई, उद्यापासून सगळं एकदम नको. आणि तिला न सांगता तर काहीच नको, रात्री अचानक तुम्ही गप्प झालात तर तिला वाटेल आई रागावली. शांत वेळ बघून, सुट्टीच्या दिवशी दुपारी वगैरे, सांगा की मी इतके दिवस तुला बरं वाटावं म्हणून त्याच प्रश्नांची उत्तरं देत होते पण त्याने तुझी भीती वाढतेय असं मला कळलंय, म्हणून आता मी एकदा उत्तर देईन, परत विचारलंस तर उत्तर न देता तुझ्याजवळ बसेन. पहिले काही दिवस ती जास्त विचारेल, रडेल, तुमच्यावर ओरडेलही. तेव्हा पाघळू नका आणि चिडूही नका. प्रश्नांसाठी संध्याकाळी एक पंधरा मिनिटं ठरवून द्या, जेवणाआधी, वही घेऊन, जे काय वाटतंय ते सगळं लिहायचं. झोपताना आठवलं तर "उद्याच्या वेळेत लिहू". दाबून टाकायला सांगायचं नाही, फक्त वेळ बदलायची, कारण विचार करू नको म्हटलं की तोच जास्त येतो.

आता वाचनाची भीती. भीतीचा खरा इलाज म्हणजे तिच्याकडे थोडं थोडं सरकणं, हे शंभर वर्षांपूर्वीच दिसलंय, 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका छोट्या मुलासमोर ससा रोज जरा जवळ आणत आणत त्याची भीती घालवली होती. तुम्हीही तिच्यासोबत बसून पायऱ्या लिहा, तिने लिहायच्या, तुम्ही नाही. खोलीत दार लावून मोठ्याने वाचणं, मग तुमच्यासमोर, मग बाबांसमोर (ही कदाचित तिला वरची पायरी वाटेल, वाटू दे), मैत्रिणीला आवाज रेकॉर्ड करून पाठवणं, रिकाम्या वर्गात टीचरसमोर एक परिच्छेद, दोन मैत्रिणी असताना, वर्गात बसून एकच ओळ, मग उभं राहून. प्रत्येक पायरीआधी वहीत एक ओळ, काय होईल असं वाटतंय आणि भीती दहापैकी किती. नंतर दुसरी ओळ, खरंच काय झालं. माझ्याकडे एका मुलाने लिहिलं होतं "सगळे हसतील" आणि खाली "दोघं खिडकीबाहेर बघत होते, सरांनी पुढचं पान उलटा म्हटलं". ते त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं म्हणून त्याला पटलं, मी शंभरदा सांगून पटलं नसतं. एक पायरी एकदाच करून पुढे जायचं नाही, कंटाळा येईपर्यंत करायची. आणि वरच्या पायऱ्यांवर एकदा मुद्दाम अडखळायलाही सांगतात, कारण तिची भीती वाचनाची नाही, अडखळण्याची आहे. हे मात्र थेरपिस्ट सोबत असतानाच.

सकाळचं. अख्खा दिवस घरी हा पर्याय शक्यतो संपवा, त्याऐवजी अर्धा दिवस, दोन तास, नुसतं लायब्ररीत जाऊन बसणं काहीही चालेल पण रोज शाळेच्या दारातून आत जाणं व्हायला हवं. जितके दिवस सलग घरी तितकं परत जाणं अवघड. अगदीच राहिली घरी तर शाळेच्या वेळात फोन, टीव्ही नाही, वेळापत्रकाप्रमाणे अभ्यास, आणि ही शिक्षा नाही हे आवाजातूनही कळू दे. ओढून गाडीत कोंबणं नको, त्याने विश्वास जातो.

झोप बघा. या वयाला आठ ते दहा तास लागतात आणि मेंदूचं झोपेचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे लवकर झोप म्हणून झोप येत नाही, सकाळी मात्र त्याच वेळेला उठायचं असतं. झोप अपुरी असली की दुसऱ्या दिवशी तीच भीती मोठी दिसते.

सहज_विचारतो:

यात फोनचं काय? सगळीकडे वाचतो की सोशल मीडियामुळे हे सगळं होतंय, फोन काढून घेतला तर सुटेल का?

वर्गाशेजारी:

फोन एकटा कारण आहे असं मी म्हणणार नाही, मुलामुलांत खूप फरक असतो आणि तज्ज्ञांमध्येही यावर वाद आहे. पण अँग्झायटी असलेलं मूल फोनवर काय करतं ते बघावं. रात्री लक्षणं शोधत बसतं का, पाठवलेला मेसेज वाचला की नाही दहादा तपासतं का, शाळेतून दर तासाला आईला मेसेज करतं का. असं असेल तर फोन हा टाळण्याचा आणि खात्री करून घेण्याचाच रस्ता झालाय, तेवढा रस्ता हळूहळू बंद करायचा. सगळा फोन हिसकावला तर मैत्रिणींशी उरलेला धागाही तुटतो, आणि ताईंच्या मुलीला तो धागा हवाय. रात्री फोन खोलीबाहेर, हे मात्र मी सगळ्यांनाच सांगते.

मोकळी_खिडकी:

पायऱ्या लिहायला घेतल्या. बाबांसमोर वाचणं तिने सगळ्यात वर टाकलंय, वर्गापेक्षाही वर, आणि ते बघून तिच्या बाबांचा चेहरा बदलला. आजही सकाळ कठीणच गेली, उशिरा पोचली, पण पोचली. मधल्या सुट्टीत तिचा मेसेज आला, मी एकच उत्तर दिलं, पुढच्या तीनला नाही दिलं. हात थरथरत होते माझे.

एक शेवटचं, टीचरना काय सांगू? वाचायला उठवा म्हणू का आता? आणि अपॉइंटमेंटला जाताना काय नेऊ?

वर्गाशेजारी:

टीचरना सांगा की सवलत आत्ता राहू दे पण तिला शेवटची तारीख असू दे, आणि ती तारीख मुलगी तुमच्या दोघींसोबत ठरवेल. अचानक कधीही उठवायचं नाही, आधी सांगून, आधी ठरलेली ओळ. वर्गातून बाहेर जायची परवानगी द्यायची तर परत यायची वेळही ठरवून द्या, पाच मिनिटं पाणी पिऊन परत, ऑफिसमध्ये बसून तुम्हाला फोन करणं नको. आणि तिने वाचलं की वर्गासमोर कौतुक नको, टाळ्या तर नकोतच, ती परत सगळ्यांच्या नजरेत येईल. जाताना हळूच "ऐकलं मी" इतकं पुरे.

अपॉइंटमेंटला एका कागदावर लिहून न्या, कधीपासून, काय घडल्यावर सुरू झालं, महिन्यात किती शाळा बुडते, झोप किती, पाळीच्या आसपास वाढतं का, चहा कॉफी एनर्जी ड्रिंक किती, कुठली औषधं चालू आहेत, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. रिपोर्ट सगळे सोबत घ्या म्हणजे तेच परत करायला लागणार नाहीत. पायऱ्यांची वहीही न्या पण तिला विचारून. डॉक्टर तिच्याशी थोडा वेळ एकटीशी बोलतील, तुम्हाला बाहेर बसायला सांगतील तेव्हा लगेच उठा, आणि बाहेर आल्यावर "काय विचारलं, काय सांगितलंस" असं विचारू नका, सांगायचं असेल तर ती सांगेल.